लष्करी ट्रकची गंजून गेलेली केबिन: पत्रा कापण्याआधी आणि कापल्यावर

पुढच्या काचेखाली, बॉनेट संपतं तिथे, हवा आत घ्यायची झडप किंवा जाळी असते. आधी तिच्यात हात घाला. बांधावर निंबाखाली दहा-पंधरा वर्षं उभ्या राहिलेल्या ट्रकमध्ये तिथून मूठभर कुजलेला पाला निघतो. त्याखाली ओलसर काळी माती असते, आणि तिच्याखाली पत्र्याच्या जागी पापडासारखं काहीतरी, बोटानं दाबलं की मोडणारं. फ्लोअरचं भोक तुम्हाला दारातूनच दिसलं असेल, पण त्याची सुरुवात इथून झालेली असते. पाणी कुठून शिरलं, कुठे साचलं आणि बाहेर पडायला वाट का मिळाली नाही, हा माग आधी काढा. तो न काढता नवा पत्रा ठोकला तर दोन-तीन पावसाळ्यांत तोही त्याच जागी जातो.

इथे डोळ्यांसमोर आहेत ते शक्तिमान, निस्सान वन टन, जोंगा (जीपसारखी लष्करी गाडी), आणि क्वचित कुठे टिकलेले दुसऱ्या महायुद्धातले डॉज किंवा शेवरले. शक्तिमान हा जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून बनलेला ट्रक. निस्सान आणि जोंगाही जबलपूरचेच. लिलावातून सुटलेल्या अशा गाड्यांनी पुढे लाकडं वाहिली, पाण्याचे टँकर ओढले, शेतात खत टाकलं. इंजिन-गिअरबॉक्सचे सुटे भाग भंगार बाजारात शोधून सापडतात. केबिनचे तयार पॅनल मात्र सहसा मिळत नाहीत आणि मिळाले तरी तेही तितकेच खाल्लेले असतात. पत्रा घडवायची तयारी ठेवूनच कामात उतरा.

आपल्याकडचा गंज

खानदेशात पाऊस कमी, हवा कोरडी, मग इतका गंज कुठून येतो? एक कारण काळी माती. ती चिवट असते, फटीत शिरली की फुगून बसते आणि वरून सुकलेली दिसली तरी आत महिनोन् महिने ओल धरते. दुसरं कारण खत. रावेर-यावल पट्ट्यात केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराईड आहे, म्हणजे पत्र्याच्या दृष्टीनं मिठाचा भाऊच. खत वाहिलेल्या ट्रकच्या केबिनची मागची भिंत आणि सीटखालचा भाग समुद्रकाठच्या गाडीसारखा खाल्लेला असतो. तिसरं कारण बॅटरीची पेटी. तिथे ॲसिड सांडून सांडून पत्र्याची जाळी होते.

म्हणून पहिला दिवस धुण्याचा. दाबाच्या पाण्यानं खालून-वरून माती काढा. बॅटरीच्या जागी खाण्याच्या सोड्याचं पाणी (एका बादलीला अर्धा किलो) फेस यायचा थांबेपर्यंत ओता, मग साध्या पाण्यानं धुवा. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचा हात नळाच्या किंवा टाकीच्या गोड्या पाण्यानं फिरवा. नंतर दोन दिवस दारं उघडी टाकून गाडी उन्हात राहू द्या.

कागद आणि रंग, दोन्ही आधी

चासी नंबर कोरलेली जागा आणि केबिनवर रिवेट केलेल्या पितळी-ॲल्युमिनियमच्या पाट्या यांचे फोटो काढा. पाट्या उतरवून घरात ठेवा. नंबर असलेला पत्रा गंजला असेल तर आरटीओत विचारल्याशिवाय तो कापू नका, नंतर गाडीची ओळख पटवणं महाकठीण जातं. ५० वर्षांवरच्या खासगी वापराच्या वाहनांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यांत चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. तुमची गाडी त्यात बसते का हे विचारून घ्या आणि नवा पत्रा मूळ आकाराबरहुकूमच बनवा.

नवखी माणसं हमखास चुकतात ती रंगात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना चालतो. पाच लिटर डबा आणून गाडी फौजी हिरवी केली आणि पहिल्याच नाक्यावर अडवली गेली, असं व्हायला नको. वाळूचा रंग, राखाडी, गडद तपकिरी यांपैकी काहीही निवडा आणि आरसी बुकात तोच रंग लिहून घ्या.

कोणत्या महिन्यात काय

वेल्डिंगचं काम ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू करून जानेवारीअखेर संपवावं, रंग फेब्रुवारीपर्यंत उरकावा. मार्चनंतर ऊन तापतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही आणि वावटळ उठली की ओल्या रंगावर धुळीचा थर बसतो. पावसाळ्यात घासून पांढरा केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत पिवळा पडतो. शेड नसेल तर पावसाळ्यात फक्त मोजमाप, कागदी साचे आणि छोटे भाग साफ करणं एवढंच करावं.

ठोकून, टोचून, मोजून

२०० ग्रॅमची हातोडी, एक जाड सुआ, लोहचुंबक आणि खडू घ्या. चुंबक फिरवताना जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी किंवा फायबर आहे, खडूनं गोल करा. हातोडीनं हलकं ठोका. चांगला पत्रा टण् वाजतो, सडलेला भद् आवाज देतो. जिथे भद् वाजलं तिथे सुआ टोचून बघा.

सर्वांत जास्त फसवतात ते दुहेरी पत्रे: दाराच्या खांबांचे पाय, दाराखालचा उंबरा, फ्लोअरखालच्या आडव्या टोप्या (टोपीच्या आकारात वळवलेल्या आधाराच्या पट्ट्या), काचेच्या चौकटीची खालची पट्टी. दोन पत्रे एकमेकांवर बसवून स्पॉट वेल्ड केले (ठिपक्याठिपक्यांनी जोडले) की मधल्या बारीक फटीत पाणी केशाकर्षणानं शिरतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे दोन्ही पत्रे एकमेकांपासून फुगून सुटतात. बाहेरून फक्त रंगाखाली लाटा दिसतात. अशी लाट दिसली की आतला पत्रा गेला असं धरून चाला.

मग जाडी मोजा. व्हर्नियर कॅलिपर किंवा मायक्रोमीटर मूळ रंग शाबूत असलेल्या कडेला लावा, ती मूळ जाडी. गंजलेल्या भागात मूळच्या दोन-तृतीयांशाहून कमी उरलं असेल तर तो पत्रा वाचवायच्या मागे लागू नका. कापायची रेघ भोकाच्या कडेवर आखायची नाही. सुआ टोचूनही हलत नाही अशा जागेच्या २५ मिमी पुढे आखा. पहिल्यांदा काम करणाऱ्याला हे जीवावर येतं, तो भोकाएवढंच ठिगळ कापतो, मग वेल्डिंगची टोच लागताच कडा वितळून भोक मोठं होत जातं.

केबिन जखडणं

नव्या माणसाची केबिन बिघडते ती बहुतेक इथेच. फ्लोअर आणि उंबरा कापला की केबिन पायजम्यासारखी सैल होते, नवा पत्रा लागेपर्यंत खांब ५-७ मिमी सरकतात आणि मग दार कधीच नीट लागत नाही.

केबिन चासीवरच ठेवा, उतरवू नका. चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, गाडी सपाट जागी घ्या आणि चासीखाली चार जॅक-स्टँड लावा. समतल बघायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. चासीच्या दोन्ही रेल्सवर चार ठिकाणी ती लावून बघा, २-३ मिमीपर्यंत फरक चालतो. केबिनचे रबरी माउंट बघा. सडले असतील तर आधी नवे टाका, कारण सडक्या रबरावर बसलेली केबिन वाकडी असते आणि तुम्ही तिला वाकडीच वेल्ड कराल. माउंटच्या जागी लाकडाचा ठोकळा किंवा लोखंडी पट्टी ठोकलेली सापडते. ती काढाच. खडबडीत रस्त्यावर चासी पिळवटते, माउंट ती पिळवट झेलतं. ते कडक केलं की पिळवट थेट केबिनमध्ये जाते आणि खांबाच्या मुळाशी तडे पडतात.

आता दारं बिजागऱ्यांत बसवून लावून बघा. दाराभोवतीच्या फटी मोजून वहीत लिहा. या ट्रकना ५-६ मिमी फट चालते, पण वरपासून खालपर्यंत सारखी हवी. दारं काढा आणि प्रत्येक दाराच्या मोकळ्या चौकटीत कर्ण मोजा: पुढच्या खांबाच्या वरून मागच्या खांबाच्या खालपर्यंत, आणि उलट. डावी-उजवी बाजू एकमेकींशी ताडून बघा. नंतर २५ बाय २५ मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घेऊन प्रत्येक चौकटीत दोन आडवे आणि एक तिरका असा जखडा. आणखी एक मोठा पाइप डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत केबिनच्या आतून आडवा घ्या. पाइप शाबूत पत्र्यावरच टाचा. तीन-तीन टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) पुरतात, नंतर ते ग्राइंडरनं काढायचे आहेत.

जखडल्यावर कर्ण पुन्हा मोजा आणि आकडे खांबावरच मार्करनं लिहून ठेवा. रोज सकाळी काम सुरू करताना ते मोजायचे.

दोन्ही बाजूंचे उंबरे एकाच वेळी कधीही कापू नका. डावी बाजू पूर्ण वेल्ड झाल्यावरच उजवीला हात लावायचा.

सामान

फ्लोअर आणि आडव्या टोप्यांना १६ गेज म्हणजे १.६ मिमी, बाकी पॅनलना १८ गेज म्हणजे १.२ मिमी सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा साधारण चालतो, पण तुमच्या गाडीवर मोजलेली जाडी हाच शेवटचा शब्द. ८ बाय ४ फुटी पूर्ण शीट १.२ मिमीत २८ किलोच्या आसपास भरते, १.६ मध्ये ३७ च्या. दुकानात वजन करून घ्या, पातळ पत्रा जाड म्हणून खपवणं नवं नाही. मध्यम खाल्लेल्या केबिनला १.२ च्या दोन आणि १.६ ची एक शीट लागते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा गंजत नाही म्हणून तो वापरायचा मोह होतो. त्याचा जस्त वेल्डिंगला उडतो, वेल्ड भोकाळ होतो आणि धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. वापरायचाच असेल तर कडेचं जस्त दोन्ही बाजूंनी एक इंच घासून काढा.

४ इंची ग्राइंडर दोन (एकावर कटिंग, दुसऱ्यावर फ्लॅप डिस्क, म्हणजे सारखं बदलायला नको), १ मिमीच्या कटिंग डिस्क ४०, फ्लॅप डिस्क ६० आणि ८० नंबरच्या मिळून १५, ८ मिमीचं स्पॉट-वेल्ड ड्रिल, वाइस ग्रिप किमान आठ, सी-क्लॅम्प चार, लाकडी हातोडा, डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि वाळूची पिशवी एवढं जमवा. पिशवी जुन्या कॅनव्हासची शिवून तापीची बारीक वाळू दाबून भरली की झाली.

वेल्डिंग सीओटू मशीनवर (वायर आपोआप पुढे येते आणि गॅस जोडाला हवेपासून झाकतो), ०.८ मिमी वायरनं. १.२ मिमी पत्र्याला ५०-७० अँपिअर आणि १५-१७ व्होल्टच्या आसपासून सुरुवात करा आणि एका निकामी तुकड्यावर जुळवा. शुद्ध सीओटू स्वस्त पडतो पण शिंतोडे फार. ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के सीओटू मिळालं तर पातळ पत्र्याला तेच बरं. गॅस मिनिटाला ८-१२ लिटर ठेवा आणि पंखा बंद करा, वाऱ्यानं गॅस उडून वेल्ड मधमाशीच्या पोळ्यासारखा होतो. गावात शेतीच्या लाइनवर व्होल्टेज पडतं. मशीन एकाएकी फटफट करायला लागलं तर वायरला दोष देण्याआधी व्होल्टमीटर बघा.

साध्या रॉडच्या वेल्डिंगनं १.६ मिमी फ्लोअर २ मिमी रॉडवर, ४०-५० अँपिअरला कसाबसा होतो. १.२ ला भोकं पडतात. गॅसवाल्याकडून पितळेनं जोडून घ्यायची जुनी पद्धत खांब-उंबऱ्याला करू नका. जुन्या दुरुस्तीचं पितळ पत्र्यावर असेल तर तेवढा भाग कापूनच टाका, पितळावर सीओटू वेल्ड धरत नाही, तडकतो.

सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा आणि इंधनाची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची, तिच्यात वाफ असते. सीट, रबर, वायरिंग सगळं बाहेर. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासताना साधा रुमाल पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्क लावा. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी हवाच: दुहेरी पत्र्याच्या आत उंदराचं घरटं, सरकीचा कापूस, सुका पाला काहीही निघतं आणि ते दहा मिनिटांनी धुमसायला लागतं. काम संपल्यावर अर्धा तास गाडी सोडून जायचं नाही.

कापणं: खालून वर

क्रम असा ठेवा: फ्लोअरखालच्या आडव्या टोप्या, उंबरा, खांबाचे पाय, पायांजवळची पुढची भिंत, फ्लोअर, मागच्या भिंतीची खालची पट्टी, काचेची चौकट. पाया पक्का झाल्याशिवाय फ्लोअर टाकला की त्याला आधारच राहत नाही.

सडका भाग काढून फेकू नका. अर्धा मोडका का होईना, तोच तुमचा नमुना. त्यावर जाड पुठ्ठा ठेवून आकार उतरवा, वळणाची रेघ वेगळ्या रंगानं आखा आणि "डावा, पुढे, वर" असं लिहा. एक बाजू पूर्ण नाहीशी झाली असेल तर दुसऱ्या बाजूचा साचा उलटा करा. पुठ्ठ्याचा साचा केबिनमध्ये बसवून बघितल्याशिवाय पत्र्याला कात्री लावायची नाही.

स्पॉट वेल्ड सोडवताना ८ मिमी ड्रिलनं फक्त वरचा पत्रा छेदा, खालचा वाचवा, मग पातळ छिन्नीनं पत्रे अलग करा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, १०-१५ मिमी त्रिज्येचे. टोकदार कोपऱ्यात ताण साचतो, तिथून पत्रा वाकतो आणि पुढे तडकतो.

घडवणं

सपाट पत्रा टाकलेला फ्लोअर पाय ठेवला की डब्यासारखा वाजतो. मूळ फ्लोअरला उंचवट्याच्या रेघा असतात त्या याचसाठी. अशा रेघा (बीड) पाडायचं मशीन नसेल तर पत्रा घडी करणाऱ्याकडे जा, १२ मिमीच्या कडा वळवून घ्या आणि फ्लोअरखाली टोपीच्या आकाराच्या पट्ट्या (रुंदी ४० मिमी, उंची २० मिमी) दर २५० ते ३०० मिमीवर लावा. टोप्यांची टोकं बंद करू नका. बंद टोपी म्हणजे पाण्याचा डबा.

पुढच्या भिंतीचे गोल कोपरे वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्यानं घडवा. एकदम खोल ठोकू नका, कडेपासून मध्याकडे हलके ठोके देत या आणि दर पाच-सहा ठोक्यांनी साचा लावून बघा. पत्रा कडेला चुन्या पाडायला लागला तर चुनीच्या टोकाला ठोकून ती आतल्या आत जिरवा. दोन-तीन तुकडे वाया जातील, ते धरूनच पत्रा घ्या. कोपरा तीन सपाट तुकड्यांत जोडायचा सोपा मार्ग आहे, पण तो रंगाखालीही दिसतो.

वेल्डिंग: घाई इथेच नडते

नवा तुकडा जुन्यावर चढवून जोडायचा की कडेला कड लावून? दिसणाऱ्या आणि पाणी लागणाऱ्या जागी कडेला कडच. चढवलेल्या जोडात पुन्हा तीच फट तयार होते, जिनं पहिला पत्रा खाल्ला. फौजेच्या वर्कशॉपनं लावलेली वरची ठिगळंही बऱ्याचदा याच कारणानं सडलेली सापडतात.

कडा जुळवायची एक युक्ती: नवा तुकडा थोडा मोठा कापून जुन्यावर चढवा, क्लॅम्प लावा आणि १ मिमीच्या डिस्कनं दोन्ही पत्रे एकदमच कापत जा. डिस्कच्या जाडीएवढी, म्हणजे १ मिमी फट आपोआप राहते. तेवढीच हवी. फट नसेल तर तापून पत्रा एकमेकांवर चढतो, जास्त असेल तर भोक पडतं.

कडा दोन्ही बाजूंनी २० मिमी चकचकीत घासा. पहिला टाका मध्यावर, मग दोन्ही टोकांना, मग मधल्या मोकळ्या जागेच्या मध्यावर, असं करत टाके २५-३० मिमीवर आणा. प्रत्येक टाका सेकंदभराचा. आता दोन टाक्यांमधली जागा भरायची ती सलग नाही. इकडे एक टाका, मग फूटभर लांब दुसरा, मग परत तिकडे. उलटा हात जोडाजवळ धरून चटका बसत नाही इतका पत्रा निवल्यावरच शेजारचा टाका मारा. ओल्या फडक्यानं झटपट गार करू नका, लाट पडते. सलग रेघ ओढायची सवय असलेला वेल्डर फाटकं छान करतो, पण केबिनचा पत्रा त्याच्या हाती कागदासारखा वेडावाकडा होतो. कामाला माणूस लावणार असाल तर आधी १.२ मिमीचे दोन तुकडे जोडायला द्या आणि जोड उजेडापुढे धरून बघा.

भोक पडायची भीती असेल तिथे मागे तांब्याची पट्टी दाबून धरा, वेल्ड तांब्याला चिकटत नाही. एसी दुरुस्तीवाल्याकडचा पाइपाचा तुकडा चपटा केला की झाली पट्टी.

फ्लोअर टोप्यांवर आणि उंबऱ्यावर बसतो तिथे प्लग वेल्ड करा: वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं, दर ३०-४० मिमीवर, आणि भोकातून खालच्या पत्र्यापासून सुरुवात करून भरायचं. आधी दोन्ही पत्रे क्लॅम्पनं घट्ट दाबलेले हवेत आणि मधे वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर हवा, प्रत्येक भोकाच्या मध्यातून तो खरवडून काढलेला.

खांबाचा पाय पूर्ण वेल्ड करण्यापूर्वी फक्त चार टाके मारा, जखडलेला पाइप त्या बाजूपुरता काढा आणि दार लावून बघा. फट वहीतल्या आकड्याशी जुळली तर पाइप परत टाचून वेल्ड पूर्ण करा. नाही जुळली तर चार टाके तोडणं पाच मिनिटांचं काम आहे.

उरलेला गंज

वेल्ड समतल घासल्यावर शाबूत पत्र्यावरचा वरवरचा गंज वायर ब्रश आणि फ्लॅप डिस्कनं काढा. सँडब्लास्टिंग (दाबाच्या हवेनं वाळूसारखे कण मारून साफ करणं) खांब, टोप्या आणि बिजागऱ्यांसाठी उत्तम. छत किंवा दाराच्या मोठ्या सपाट पत्र्यावर ते मारून घेऊ नका, पत्रा ताणून फुगतो. ब्लास्टिंगवाला नदीची वाळू वापरत असेल तर तिची धूळ फुफ्फुसांचं कायमचं नुकसान करते. गार्नेट किंवा स्टील ग्रिट मागा.

खड्ड्यांत अडकलेल्या काळ्या गंजाला फॉस्फरिक ॲसिडचं कन्व्हर्टर (गंज मारणारं द्रव) लावा. जाड खपलीवर त्याचा उपयोग नाही, खपली आधी ठोकून पाडायची. लावल्यावर डब्यावर लिहिलंय तितका वेळ थांबा आणि सांगितलं असेल तसं धुऊन वाळवा. अर्धवट राहिलेल्या ॲसिडवर इपॉक्सी धरत नाही, महिन्याभरात सालपटं निघतात.

बिजागऱ्या, हँडल, झडपेचे दांडे असे छोटे भाग लिंबूसत्वात टाका: २० लिटर पाण्यात एक किलो, रात्रभर. सकाळी ब्रशनं घासून सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि लगेच वाळवा. जास्त गंजलेल्यांना वीज लावा: प्लास्टिकच्या ड्रममध्ये २० लिटरला १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, भाग वजा टोकाला आणि जुन्या लोखंडी पत्र्याचा तुकडा अधिक टोकाला. तिथे स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, विषारी क्रोमियम सुटतं. ड्रम उघड्यावर ठेवा, हायड्रोजन निघतो. कुलपाच्या स्प्रिंगा यात टाकू नका, ठिसूळ होऊन मोडतात.

प्रायमर, सीलर, रंग

रेड ऑक्साइड स्वस्त आणि ओळखीचा, पण तो सच्छिद्र आहे. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी केली तर खाली गंज सुरू. दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर वापरा, दोन हात, पूर्ण केबिनला आतून-बाहेरून ४-५ लिटर लागतो. पत्रा घासला त्याच दिवशी पहिला हात गेला पाहिजे, आणि त्याआधी थिनरच्या स्वच्छ फडक्यानं पुसून घ्या, घामाच्या हाताचे ठसेही गंजतात.

थंडीत पहाटे पत्र्यावर दव असतं, दहा वाजेपर्यंत थांबा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. मार्च उजाडला असेल तर उलट: सकाळी साडेसहा ते नऊ, नंतर रंगाची स्प्रे गन बंद. तापल्या पत्र्यावर रंगाचे थेंब पोचेपर्यंतच सुकतात आणि पृष्ठभाग कोरड्या रव्यासारखा लागतो.

पुट्टी इपॉक्सीच्या वरच, खाली नाही, आणि २ मिमीहून जाड नाही. हार्डनर वजनाच्या २ टक्के. उन्हाळ्यात थोडा कमी घ्या आणि एका वेळी लिंबाएवढाच गोळा कालवा, नाहीतर पाटीवरच दगड होतो. सगळ्या जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलर भरा, आतूनही आणि खालूनही. त्यावर रंगाचे दोन हात. रंगाबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, लष्करी ट्रकला मॅट फिनिशच शोभतो आणि मॅटमध्ये चुकाही लपतात.

काच बसवताना चौकटीच्या खोबणीत रबराखाली सीलर द्या. रबराच्या ओठात सुतळीऐवजी नायलॉनची पातळ दोरी भरा, साबणाचं पाणी लावा, एकानं बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढत जायचं.

पाण्याची वाट

उंबरा, खांब आणि दाराच्या आत रंग पोचत नाही. लवचिक नळी लावलेल्या गननं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा, खालच्या छिद्रातून थेंब गळायला लागेपर्यंत. जळकं इंजिन ऑइल ओतायची पद्धत आहे, पण त्यात आम्लं असतात, ते रबर खातं आणि पुढे कधी वेल्डिंग करायचं झालं तर पेट घेतं.

निचऱ्याची भोकं मूळ जागी पाडा, ८-१० मिमीची: प्रत्येक दाराच्या तळाला किमान दोन, उंबऱ्याच्या सर्वांत खालच्या जागी दोन, हवेच्या झडपेच्या पन्हळीला दोन. मूळ जागा सापडत नसेल तर पन्हळीत तांब्याभर पाणी ओता, ते जिथे थांबेल तिथे भोक. पन्हळीवर आतून बारीक तारेची जाळी बसवा, म्हणजे निंबाचा पाला आत उतरणार नाही. मग केबिन बंद करून एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं छतापासून खाली पाइपनं पंधरा मिनिटं पाणी सोडायचं. आत ओल दिसली तिथे खडू, सुकल्यावर सीलर, पुन्हा पाणी.

मृगाआधी दरवर्षी एक सायकलचा आरा घेऊन सगळी भोकं आरपार टोचून घ्या.